वरकडमीमांसा: भिंगारच्या हॉटेलांत फुकट मिळणाऱ्या वस्तूंविषयी

उपाहारगृहांविषयी आजवर जे लिहिले गेले त्याचे दोन वर्ग पडतात. एक चवीविषयीचे, दुसरे स्वच्छतेविषयीचे. दोन्ही वर्गांतले लेखक असे धरून चालतात की माणूस हॉटेलात खायला जातो. या समजुतीला आम्हाला कुठेही आधार सापडला नाही. भिंगारमध्ये सकाळी मिसळ खाऊन घरी आलेल्या कोणाही माणसाला ‘कशी होती?’ असे विचारून पाहावे. तो मटकीविषयी बोलत नाही, फरसाणाविषयी बोलत नाही. तो म्हणतो, ‘दोनदा रस्सा आणून दिला, न मागता.’ किंवा म्हणतो, ‘कांदा मागितला तर पोऱ्याने तोंड वाकडं केलं.’ ज्या पदार्थाचे त्याने पैसे मोजले तो पदार्थ त्याच्या साक्षीत कुठेच येत नाही.

यावरून आमचा सिद्धान्त असा. गिऱ्हाइकाचे समाधान बिलात लिहिलेल्या वस्तूंवर मुळीच अवलंबून नसते, ते बिलात न लिहिलेल्या वस्तूंवर अवलंबून असते. या वस्तूंना आम्ही ‘वरकड’ म्हणतो. पाणी, चिरलेला कांदा, लिंबाची फोड, दुसऱ्यांदा आलेला रस्सा, वड्याबरोबरची तळलेली मिरची, वर्तमानपत्राचे आतले पान, गल्ल्यावरची बडीशेप, आणि खाऊन झाल्यावरही बाकावर बसू देण्याची मुभा हे त्याचे मुख्य प्रकार. शेवटचा प्रकार मालकाला सर्वांत महाग पडतो. त्याचा विचार यथास्थळ येईल.

यावर पूर्वपक्ष असा की मूळ पदार्थच वाईट असेल तर वरकड घेऊन काय करायचे? उत्तर सोपे आहे. खारट झालेली मिसळ आपला माणूस निमूट खातो. पोऱ्याने ‘अजून काही?’ विचारले तर ‘नको, छान होतं’ म्हणतो आणि खरा अभिप्राय समोरच्या पानटपरीवर देतो. परंतु लिंबाची फोड आली नाही तर तोच माणूस बसल्या जागी हात वर करतो. ज्यासाठी माणूस हात वर करतो ते त्याचे साध्य, बाकीचे निमित्त. हे प्रत्यक्ष प्रमाण असल्यामुळे अनुमानाची गरज उरत नाही.

हा अभ्यास भिंगारमध्येच का केला, असे विचारले जाईल. भिंगार हे नगर शहराला आणि लष्कराच्या छावणीला एकाच वेळी चिकटलेले गाव आहे. पाथर्डीकडे जाणारा रस्ता इथून निघतो. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र याच परिसरात असल्यामुळे देशभरातल्या जवानांची ये-जा असते, आणि 1994 पासून रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. त्यामुळे एकाच बाकावर पाथर्डीचा शेतकरी, तमिळ हवालदार, सहलीची पोरे घेऊन आलेले गुरुजी आणि निवृत्त सुभेदारसाहेब बसलेले दिसतात. चौघांची मातृभाषा वेगळी, जिभेची सवय वेगळी, पण रस्सा मागायची खूण मात्र एकच. वाटी जरा तिरकी करायची आणि पोऱ्याकडे पाहायचे. निरीक्षकाला याहून सोयीचे ठिकाण मिळणे कठीण.

शिवाय क्षुल्लक गोष्टींवर गंभीरपणे लिहायची या पंचक्रोशीला परंपरा आहे. भिंगारच्या शेजारच्या भुईकोट किल्ल्यात 1942 ते 1945 या काळात काँग्रेसचे पुढारी कैदेत होते. नेहरूंनी तिथे भारताचा शोध घेतला हे सर्वांना ठाऊक आहे, शाळेत त्यावर गुणही मिळतात. मौलाना आझादांनी त्याच किल्ल्यात ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे लिहिली आणि त्यांत पानेच्या पाने चहावर खर्च केली, याला मात्र प्रश्नपत्रिकेत जागा नाही. मौलाना बिनदुधाचा चिनी चहा पिणारे. दूध-साखर घातलेल्या चहाला त्यांनी पातळ हलव्याच्या पंक्तीला नेऊन बसवले. ज्या जिल्ह्यात चहात दूध कमी पडले तर ‘पाणी उकळून दिलं का?’ असे विचारतात, त्या जिल्ह्याच्या मध्यभागी बसून हे लिहायला धैर्य लागते. बाहेर इंग्रज सरकार होते आणि आत मौलाना होते म्हणून निभावले.

त्याही आधीचा दाखला 1803 सालचा आहे. त्या वर्षी 8 ऑगस्टला जनरल वेलस्लीने नगरची पेठ शिड्या लावून घेतली आणि 12 तारखेला किल्ला ताब्यात आला. इंग्रजांच्या छावणीत गोखले नावाचे एक मराठा सरदार होते. त्यांचा त्या दिवशीचा उद्गार इंग्रजांनी लिहून ठेवला आहे. त्याचा आशय असा की ही माणसे विलक्षण आहेत. सकाळी आली, पेठेची भिंत पाहिली, चढून आत गेली, शिबंदी कापून काढली आणि न्याहारीला परत आली. नगरच्या इतिहासात न्याहारीच्या वेळेचा एवढा स्पष्ट उल्लेख आम्हाला दुसरा माहीत नाही. पण न्याहारीला काय होते, ते गरम होते काय, आणि दुसऱ्यांदा वाढले काय, याबद्दल सरदार एक अक्षर बोललेले नाहीत. किल्ल्याबाहेर एक चिंचेचे झाड दाखवतात, त्याखाली वेलस्ली जेवला असे सांगतात. तिथेही मेनू अज्ञात. तोफा मोजायच्या आणि ताट मोजायचे नाही, ही इतिहासकारांची सवय फार जुनी आहे.

हिशेबाची परंपरा त्याहून जुनी. 1707 साली औरंगजेब नगरच्या छावणीत मरण पावला. ते ठिकाण म्हणून भिंगारला आलमगीरचा परिसर दाखवतात. त्याचे म्हणून जे मृत्युपत्र सांगितले जाते त्यात टोप्या शिवून मिळालेल्या चार रुपये दोन आण्यांचा हिशेब वेगळा आणि कुराणाच्या नकला करून मिळालेल्या तीनशेपाच रुपयांचा वेगळा ठेवलेला आहे. एक रक्कम कफनाला, दुसरी फकिरांना. एवढ्या मोठ्या पसाऱ्याचा धनी आणि अखेरीस दोन आण्यांवर नजर. आमच्या गावचे गल्लेही हेच करतात. चहाचे वेगळे, पार्सलचे वेगळे, आणि उधारीची वही खालच्या खणात.

आता प्रत्यक्ष वस्तूंकडे.

पाण्याचा क्रम पहिला, कारण ते सर्वांच्या आधी येते. जुन्या पद्धतीत पोऱ्या एका हातात चार ग्लास आणत असे आणि चारही ग्लासांत त्याचे एकेक बोट बुडालेले असे. यावर स्वच्छतावादी लेखकांनी पुष्कळ कोरडे ओढले आहेत. पण त्या बोटांचा एक फायदा त्यांच्या ध्यानात आला नाही. पाणी कोणीतरी आणून दिले आहे याचा तो पुरावा होता. हल्ली त्याऐवजी एक प्रश्न येतो: ‘साधं का बिसलेरी?’ या तीन शब्दांत माणसाची परीक्षा आहे. सोबत व्याही असतील तर ‘साधं’ म्हणताना घसा कोरडा पडतो. सोबत बायको असेल तर ‘बिसलेरी’ म्हणताना पडतो. बाटली कोणत्याही कंपनीची असली तरी प्रश्न बिसलेरीचाच असतो. एसटी महामंडळाने स्वतःची ‘नाथजल’ नावाची बाटली काढली तेव्हाही स्टँडवर लोक ‘एक बिसलेरी द्या, ती नाथजल’ असेच म्हणू लागले. ज्या हॉटेलात हा प्रश्न न विचारता जग टेबलावर आदळला जातो, ते हॉटेल पहिल्या मिनिटातच अर्धी लढाई जिंकते. जग आदळावा लागतो. हळूच ठेवलेल्या जगाचे पैसे लागतील अशी शंका येते.

कांद्याचे प्रकरण दुःखद आहे. नगर हा कांद्याचा जिल्हा. पारनेर, राहुरी, नेवासे या भागांतून गोण्याच्या गोण्या बाजार समितीत येतात. भाव पडला की शेतकरी रस्त्यावर कांदा ओततो आणि त्या रस्त्याच्या कडेच्या हॉटेलात कांदा बशी भरून मिळतो. भाव चढला की शेतकरी दोन दिवस हसतो, तोवर दिल्लीहून निर्यातबंदी येते, जशी 8 डिसेंबर 2023 ला आली, आणि हॉटेलात मात्र कोबी सुरू होतो. बारीक चिरलेला कोबी, वर कांद्याच्या चार पाकळ्या कर्तव्यापुरत्या. या काळाला आम्ही ‘कोबीकाल’ असे नाव दिले आहे. कोबीकालाचे वैशिष्ट्य असे की तो लवकर सुरू होतो आणि उशिरा संपतो. लिलावात कांदा गडगडला तरी बशीत कोबी राहतो, कारण मालकाला उतरलेला भाव कळायला चढलेल्या भावापेक्षा जास्त वेळ लागतो. अर्थशास्त्रज्ञ याची मीमांसा पेट्रोलच्या बाबतीत करतात. भिंगारच्या बशीबाबत त्यांनी मौन पाळले आहे. कोबीकालातही सुभेदारसाहेबांच्या बशीत कांदा असतो हे आम्ही पाहिले आहे, त्याचे कारण पुढे येईल.

रस्सा हा वरकडाचा राजा. यालाच कोल्हापूर कट म्हणते, पुणे सँपल म्हणते, विदर्भ तर्री म्हणते आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या वस्तूला गरम पाणी म्हणतो. दादरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीला 2015 साली लंडनच्या एका संस्थेने जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवले. परीक्षकांनी दुसऱ्यांदा रस्सा मागितला होता काय, हे निकालपत्रात आलेले नाही. तेवढ्यापुरता तो निकाल आम्ही राखून ठेवतो.

रश्शाचा पहिला नियम पातेल्याचा आहे. पातेल्याची पातळी दिवसभर अचल राहते, घनता तेवढी बदलते. सकाळी साडेसातला जो रस्सा चमच्याला धरून राहतो तो साडेदहाला सैल होतो आणि बाराच्या सुमारास त्यात वाटीचा तळ दिसू लागतो. वरचा लाल तवंग मात्र शेवटपर्यंत हजर असतो, कारण तेल पाण्यात मिसळत नाही आणि दुपारच्या गिऱ्हाइकाला रंग दाखवणे भाग असते. म्हणून जाणते लोक आठच्या आत येतात. ते ताज्या हवेसाठी उठतात हा घरच्यांचा समज आहे.

दुसरा नियम तिखटाचा. मिरचीतले झोंबणारे द्रव्य तेलात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. त्यामुळे तोंड भाजले म्हणून ढोसलेले पाणी त्या द्रव्याला तोंडभर फिरवून आणण्याचेच काम करते. दुधातले केसीन हे द्रव्य त्याला धरून ठेवते, म्हणून दही लागू पडते. पण दह्याचे पैसे पडतात. सबब एक वरकड दुसऱ्या वरकडाला जन्म देते. रस्सा जास्त, म्हणून पाणी जास्त, म्हणून ग्लास जास्त, म्हणून पोऱ्याच्या खेपा जास्त, आणि खेपा जास्त झाल्या की गिऱ्हाईक म्हणते, ‘सर्व्हिस चांगली आहे.’ शास्त्राच्या दृष्टीने इथे कोणाचेही तोंड थंड झालेले नाही.

तिसरा नियम सर्वांत खोल आहे आणि तो गल्ल्यावरच्या मालकांना लहानपणापासून ठाऊक असतो. पाव जोडीने येतो, रस्सा ओगराळ्याने येतो. या दोन मापांचा मेळ बसत नाही. पाव उरला की रस्सा मागवावा लागतो, तो फुकट. रस्सा उरला की पाव मागवावा लागतो, त्याचे पैसे. रस्सा वाढणारा पोऱ्या नेहमी घासभर जास्त वाढतो. त्याचा हात सैल नसतो, तो शिकवलेला असतो. दोन्ही एकाच घासाला संपले असे गिऱ्हाईक आम्ही पाहिलेले नाही. एका मास्तरांनी शेवटचा घास मोजून-मापून तसा जमवत आणला होता, तेवढ्यात मागून आवाज आला, ‘मास्तर, घ्या की थोडा,’ आणि वाटी भरली. मास्तरांनी हताश होऊन पाव मागवला. तेव्हा वरकड फुकट असते असे जे आम्ही वर म्हटले ते फक्त गिऱ्हाइकाच्या बाजूने खरे आहे.

पोऱ्याच्या पठणाविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. वेद जपणाऱ्यांनी संहितापाठ आणि पदपाठ असे प्रकार केले. पहिल्यात शब्द संधीसह एका दमात, दुसऱ्यात सुटे सुटे. हॉटेलातही असेच आहे. ‘काय आहे?’ या प्रश्नाला प्रथम संहितापाठ मिळतो: ‘मिसळवडापोहेभजीशेवभाजीपुरीभाजी.’ गिऱ्हाईक गोंधळून ‘काय काय?’ म्हणाले की पदपाठ: ‘मिसळ. वडा. पोहे.’ इथे पोऱ्याच्या चेहऱ्यावर गुरुजींचा कंटाळा येतो. सगळे ऐकून घेऊन माणूस म्हणतो, ‘मिसळच आण.’ सोबत छापील कार्ड ठेवले तर हा संस्कार होत नाही. कार्डाला कोणी दुसऱ्यांदा वाचायला लावत नाही, आणि त्यामुळे कोणाला कोणाचा राग येण्याची संधी राहत नाही.

बिलाची आरोळी ही याच परंपरेची उत्तरपूजा. माणूस गल्ल्याकडे निघतो आणि मागून पोऱ्या ओरडतो, ‘चष्मा एकशेचाळीस! टोपी साठ! निळा शर्ट, दोघांचं, दोनशेवीस!’ भर गर्दीत, ना नाव ना नंबर, आणि तरी गल्ल्यावर चूक होत नाही. माणसाला इथे त्याच्या सर्वांत ठळक लक्षणाने ओळखतात, त्यामुळे काही जणांना स्वतःविषयी नवी माहिती मिळते. एका सद्गृहस्थांना आपले पोट सुटल्याचे डॉक्टरांच्या आधी इथे समजले. रोज येणाऱ्यांच्या बाबतीत मात्र लक्षण गळून पडते. पोऱ्या नुसता ‘मास्तर!’ म्हणतो, आकडा मालकाला पाठ असतो. पदवीदान समारंभ याहून वेगळा काय असतो?

आता साखळीकडे वळू, कारण सिद्धान्ताची खरी कसोटी तिथे आहे.

साखळी हॉटेल ही परदेशी कल्पना आहे असे मानतात आणि 1996 साली मॅकडॉनल्ड्स भारतात आले ते वर्ष दाखवतात. आमच्या मते महाराष्ट्रातली पहिली मोठी साखळी एसटीच्या थांब्यांची आहे, आणि तिचे मूळही नगरलाच आहे. 1 जून 1948 ला पहिली एसटी नगरहून पुण्याला निघाली. अडीच रुपये तिकीट, किसन राऊत चालक, लक्ष्मण केवटे वाहक. गाडी म्हटली की थांबा आला, थांबा म्हटला की वडा आला. मालक निराळे, गावे निराळी, पण राज्यभर तोच वडा, तीच पातळ चटणी आणि तेच वाक्य: ‘गाडी दहा मिनिटं थांबेल.’ कुठल्याही परदेशी कंपनीला एवढी एकवाक्यता जमली नसती. 2016 मध्ये महामंडळाने अधिकृत थांब्यांवर 30 रुपयांत चहा-नाश्ता देण्याचे ठरवले. प्रवासी ही योजना विचारू लागले, आणि काउंटरवरचे लोक ‘ते संपलं’ म्हणू लागले. अशा तऱ्हेने ती योजना प्रवाशांच्या स्मरणात राहिली.

या थांब्यावर वरकड किती मिळते? प्रवाशाला शून्य. कांदा मागितला तर काउंटरवाला गाडीच्या हॉर्नकडे बोट दाखवतो. पण त्याच वेळी आतल्या टेबलावर चालक आणि वाहक बसलेले असतात. त्यांच्यापुढे गरम भाकरी, दोन भाज्या, कांदा, लिंबू, दही, वर पापड, आणि बिल येत नाही. एकाच छपराखाली चाळीस माणसे पैसे देऊन चिडलेली आणि दोन माणसे पैसे न देता तृप्त. आम्ही या दृश्यापुढे बराच वेळ विचार करत उभे राहिलो. तेवढ्यात गाडी सुटली.

त्यातून वरकडाचा मुख्य नियम हाती आला: वरकड हे पुन्हा येण्याच्या शक्यतेच्या समप्रमाणात मिळते. प्रवासी आयुष्यात पुन्हा या थांब्यावर उतरेल की नाही याची खात्री नाही. चालक उद्याही येईल, आणि येताना चाळीस माणसे घेऊन येईल. कोबीकालात सुभेदारसाहेबांच्या बशीत कांदा का असतो, याचेही उत्तर इथेच आहे. सुभेदारसाहेब पाऊस असो, संचारबंदी असो, साडेसातला येतात. त्यांना जो कांदा मिळतो तो उद्याचा कांदा असतो, आगाऊ वाढलेला.

सरकारनेही दोनदा साखळी चालवून पाहिली. 1995 साली एक रुपयात झुणका-भाकर आली. केंद्रे गावोगाव झाली, आणि काही वर्षांत त्यांतल्या पुष्कळांत झुणका सोडून सगळे मिळू लागले. मग 26 जानेवारी 2020 ला शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांत. तिचे मोजमाप ठरवून दिलेले होते. तीस तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. पुढे करोनात तिची किंमत पाच रुपयांवर आली. भुकेल्या माणसाच्या पोटात चार घास गेले, हे लहान काम नव्हे, आणि त्याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. निरीक्षण एवढेच की या यादीत कांदा नाही. शासन निर्णयात वरणाचे ग्रॅम लिहिता येतात, ‘अजून घ्या की’ हे कोणत्या कलमात बसवायचे याची अडचण असावी. माटुंग्याच्या रामा नायकांच्या उडपी बोर्डिंगने 1942 पासून ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवली. तिथे ‘अजून घ्या’ हीच मूळ वस्तू करून टाकली आणि तिचे पैसे लावले.

उरली ती हल्लीची साखळी, हायवेवर पाटी पेटवून उभी असलेली. अशा एका शाखेत आम्ही अभ्यासासाठी गेलो. शाखा कोणती हे महत्त्वाचे नाही. साखळीत कोणतीही शाखा दुसरीसारखीच असते, नाहीतर तिला साखळी कोण म्हणेल? दारात मुलाने ‘वेलकम सर’ म्हटले. टेबल कोरडे होते, हे पाहूनच आमच्यासोबतच्या आबांना परके वाटले. आमच्याकडे टेबल आपल्यासमोर पुसले जाते, आपली कोपरे उचलायला लावून, त्याच फडक्याने, आणि त्या ओल्या पट्ट्यावरून आपली पाळी आली हे कळते. मिसळ आली. मटकी शिजलेली, फरसाण कुरकुरीत, मीठ बेताचे. काढायला खोड नव्हती. कांदा एका छोट्या वाटीत, मोजून. आबांनी वाटी तिरकी केली. कोणी पाहिले नाही. त्यांनी आणखी तिरकी केली. मुलगा धावत आला आणि म्हणाला, ‘सर, काही सांडलं का?’

रस्सा मागितल्यावर त्याने अदबीने कार्ड पुढे केले. ‘एक्स्ट्रा रस्सा’ अशी ओळ होती आणि पुढे किंमत होती. आबांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, कार्ड मिटले आणि राहिलेला पाव कोरडा खाल्ला. परत येताना गाडीत ते त्या मिसळीविषयी काहीच बोलले नाहीत. वस्तुतः ठरल्याप्रमाणे सगळे मिळाले होते, पैशाला पैसा. वर येण्यासारखे काही उरलेच नव्हते.

त्या हॉटेलात निघताना एक फॉर्म भरून घेतात. जेवण, स्वच्छता, वागणूक, वेग, यांपुढे एक ते पाच. आबांनी सगळीकडे पाच दिले. ‘पोरगं बिचारं चांगलं होतं,’ म्हणाले. कंपनीच्या कार्यालयात त्या शाखेचा आलेख त्या दिवशी वर गेला असणार. आबा तिथे पुन्हा गेलेले नाहीत. फॉर्मात वरकडाचा रकाना नसल्यामुळे हे कंपनीला कळण्याची शक्यता नाही.

ऋण वरकडाचीही नोंद इथेच करावी. मोठ्या शहरांतली काही हॉटेले बिलात आपणहून ‘सर्व्हिस चार्ज’ जोडत असत. म्हणजे जे द्यायचे ते न देता वर घ्यायचे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला याला मनाई केली. हॉटेलवाले कोर्टात गेले आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचेच म्हणणे उचलून धरले. भिंगारमध्ये हा वाद उद्भवला नाही. इथे सर्व्हिस चार्ज म्हणून पोऱ्याला दोन-पाच रुपये बशीत ठेवतात, आणि ते मालकाच्या डोळ्यांदेखत ठेवायचे की नाही यावर स्वतंत्र मतभेद आहेत.

बसू देण्याची मुभा हा विषय वर राखून ठेवला होता. भिंतीवर पाटी असते: ‘येथे जास्त वेळ बसू नये. राजकारणावर चर्चा करू नये.’ साखळीत अशी पाटी नसते, तिथे गाणी मोठ्याने लावतात आणि खुर्च्या अशा करतात की माणूस आपणच उठतो. पाटीचे तसे नाही. पाटी आहे याचा अर्थच इथे लोक बसतात आणि राजकारणावर बोलतात. नगर जिल्ह्यात साखर कारखान्याची निवडणूक लागली की ही पाटी आपोआप निलंबित होते. मालक स्वतः गल्ला सोडून बाकावर येतो, एक चहा तीन माणसांत दीड तास पुरतो, आणि नव्या गिऱ्हाइकाला जागा नाही म्हणून ते उभ्याने वडा खाते. या दीड तासाचे भाडे कोणी काढलेले नाही. काढले तर भिंगारमधली निम्मी हॉटेले तोट्यात निघतील आणि उरलेली निम्मी बंद पडतील.

आता एक शंका शिल्लक राहते, तिच्यावर एकमत झालेले नाही. हायवेवरच्या त्या साखळीची दुसरी एक शाखा अलीकडे सुधारली आहे. गिऱ्हाइके रश्शावरून नाराज होतात हे कोणीतरी वर कळवले असावे. तिथे आता रस्सा मागितला की लगेच मिळतो, कार्ड पुढे करत नाहीत. मात्र बिलावर छापून येते: ‘एक्स्ट्रा रस्सा, नग 2, दर 0.00, एकूण 0.00.’ बिलात आले म्हणजे ते वरकड नव्हे, असा आमचा पक्ष. पैसे पडले नाहीत म्हणजे ते वरकडच, असा मास्तरांचा. सुभेदारसाहेबांना नग मोजल्याचाच राग आला. ‘दोनदा घेतला हे लिहून कशाला ठेवलं?’ असा त्यांचा सवाल होता.

आबा शेवटी बिल घेऊन काउंटरवर गेले. हॉटेलावर जीएसटी पाच टक्के असतो हे त्यांना माहीत होते.

‘या रश्शावर पण लावला का?’ त्यांनी विचारले.

‘लावला ना काका. शून्य येतो.’

‘मग लावता कशाला?’

‘मशिन लावतं.’